क्लच माझा, गिअर बाबांचे

माझं लग्न रोह्याला झालं आणि वरात पेणला निघाली, तेव्हा वरातीची जीप माझे बाबाच चालवत होते. मुलीचा बाप मुलीला सासरी सोडायला स्वतः स्टेअरिंगवर बसलाय, हे दोन्हीकडच्या पाहुण्यांना काही पटलं नव्हतं. आईने डोळे पुसता पुसता त्यांना सांगून बघितलं, "लोकं काय बोलतील? दुसऱ्या कोणाला तरी बसवा." बाबा म्हणाले, "माझी जीप दुसऱ्याच्या हाताने गिअर घेत नाय." मी पुढे, नवरा आणि बाबा यांच्या मधे कशीबशी मावले होते. भिसे खिंड येईपर्यंत माझं रडणं चालू होतं. खिंडीच्या चढाला बाबा म्हणाले, "रड गो बाय, पण गुडघा जरा तिकडं घे, गिअरच्या दांड्याला लागतोय."

ती जीप लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी. गिअर तीनच. बाबा तिच्यातून रोह्याच्या आसपासच्या गावांना माणसं, भाजी, नवरदेव, बाळंतिणी, जे मिळेल ते न्यायचे. श्रावण जवळ आला की मात्र पेणच्या खेपा सुरू व्हायच्या. माझ्या सासरी गणपतीचा कारखाना. रोह्यातल्या कितीतरी घरांचे गणपती तिथून बाबांच्या जीपमधून यायचे. मागे पेंढा अंथरायचा, त्यात मूर्ती दाटीवाटीने बसवायच्या आणि निघायचं. बाकीच्या गाड्यांतून गेलेल्या मूर्तींचे मोडलेले हात, कान, सोंडेची टोकं नीट करायला माझ्या नवऱ्याला मागोमाग माती आणि रंग घेऊन जावं लागायचं. बाबांच्या जीपमधून गेलेल्यांसाठी कधी जावं लागलं नाही. याच येण्याजाण्यात सोयरीक जुळली. गणपती न्यायला आले आणि मुलगी देऊन गेले, असं सासूबाई माझ्यादेखत सगळ्यांना हसून सांगायच्या.

बाबांचा नियम एकच होता. गिअर असा टाकायचा की मागे बसलेल्या देवाला कळता कामा नये. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसत आले. इंजिनाच्या आवाजावरून आता दुसरा पडणार, आता तिसरा, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. गाडी मात्र त्यांनी मला कधी शिकवली नाही. मुलीला गाडी शिकवायची असते, हे त्यांना सुचलं नाही आणि मागायची असते, हे मला.

रोह्यापर्यंत रेल्वे येऊन काही वर्षं झाली होती. अशाच एका दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. हळूहळू पाय सुधारला, जरासा ओढत का होईना चालायला लागले. जीभ जड झाली होती ती बरीचशी सुटली. तोंड डावीकडे खाली उतरलं होतं ते तसंच राहिलं. आणि डावा हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच पडून असायचा.

त्यांना बघून पेणला परत येताना एसटीत माझा नवरा म्हणाला, "मामांच्या तोंडाकडे बघवत नाही. हात शिवशिवतात गं." मला असा राग आला की वडखळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. माझे बाबा काय अर्धा वाळलेला गणपती होते, ओला हात फिरवून सरळ करायला? पण त्याचा स्वभाव मला माहीत होता. मूर्तीची एक भुवई दुसरीपेक्षा तसूभर खाली असली तरी जेवण सोडून उठणारा माणूस तो. त्या दिवसापासून तो बाबांशी बोलायचा, पण बघायचा खिडकीकडे.

त्याच हिवाळ्यात जीपच्या इंजिनानेही राम म्हटला. ब्लॉकला तडा गेला होता आणि त्या जुन्या इंजिनाचं सामान मिळणं कधीच बंद झालं होतं. आई म्हणाली, "दोघं एकदमच बसले. एकाला डॉक्टर बघतोय, दुसऱ्याला भंगारवाला बघू दे." आईचं असंच. पोटात माया, तोंडात मिरची. पण जीप विकायची हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

मी बाबांना बघायला दर आठवड्याला जायचे. एकदा गेले तर ते खाटेवर पडून होते, डोळे मिटलेले. डावा हात चादरीवर हलत होता. आई म्हणाली, "बघ, आता ही थरथर नवीन चालू झाली." मी शेजारी बसून बघत राहिले. हात डावीकडे जाऊन मागे यायचा. थांबायचा. मग उजवीकडे सरकून पुढे जायचा. पुन्हा थांबायचा. मग सरळ मागे. पुन्हा पहिल्यापासून.

ती थरथर नव्हती. डावीकडे मागे पहिला, उजवीकडे पुढे दुसरा, तिथून सरळ मागे तिसरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाताला व्यायाम द्या, चेंडू दाबा, बोटं उघडा-मिटा. चेंडू खाटेखाली पडला होता. बाबांच्या हाताला एकच गोष्ट येत होती आणि ते तेवढीच करत होते. मी उठून मोरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारून आले. आईला म्हटलं, "जीप विकायची नाय."

जीपवर पहिल्यापासून काम करणारे एक मिस्त्री रोह्यातच होते. त्यांना गाठलं. ते म्हणाले, इंजिन मिळेल. धाटावच्या एका कंपनीचा टेम्पो मोडीत निघालाय, त्याचं डिझेल इंजिन अजून धडधाकट आहे. सोबत त्याचा गिअरबॉक्सही येईल. दोन्ही मिळून उचलायचं आणि जीपमध्ये ठेवायचं, की झालं. मी त्या टेम्पोचा दांडा हलवून बघितला. माझ्या दोन्ही हातांना जड गेला. शिवाय त्याचे गिअर चार आणि त्यांच्या जागा भलत्याच. मी म्हटलं, "इंजिन हे चालेल. गिअरबॉक्स जीपचाच राहू दे."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "ताई, हे म्हणजे एकाचं धड आणि दुसऱ्याचे पाय. जुळायला नकोत?"

मी त्यांना बाबांच्या हाताचं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि जीपखाली शिरले. बाहेर आल्यावर म्हणाले, "जुळवू."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, जीपला दुसरं इंजिन बसवतोय, डिझेलचं. ते छताकडे बघत होते. "दांडा माझाच ना?" त्यांनी एवढंच विचारलं. मी "व्हय" म्हटलं.

जुळवायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत कळलं. जीपचा गिअरबॉक्स घंटेच्या आकाराच्या एका कवचाला लावलेला असतो आणि ते कवच इंजिनाच्या पाठीला बसतं. कवचाची बोल्टची भोकं एका जागी होती, नव्या इंजिनाची दुसऱ्याच जागी. गिअरबॉक्समधून पुढे येणारा शाफ्टही नव्या इंजिनाला बोटभर लांब पडत होता. म्हणून दोघांच्या मधे एक जाड रिंग हवी होती. तिची एक बाजू इंजिनाशी जुळणारी, दुसरी कवचाशी. आणि हे सगळं असं की शाफ्टचं टोक इंजिनाच्या बरोबर मध्यावर जाऊन बसलं पाहिजे. केसभर चुकलं तरी गाडी चालेल, मिस्त्री म्हणाले, पण गिअर ओरडतील, चालता चालता सुटतील, आणि पावसाळ्यापर्यंत जुना गिअरबॉक्सही हातचा जाईल.

अशी रिंग बाजारात मिळत नव्हती. ती ओतून घ्यावी लागणार होती, आणि ओतणाऱ्याला आधी तिचा नमुना द्यावा लागणार होता. लाकडाचा नमुना करून देणारे कारागीर मुंबईला होते, पण त्यांच्याकडे पुढच्या कितीतरी महिन्यांचं काम साठलेलं. हे सगळं मी घरी सांगत होते तेव्हा माझा नवरा एका मोठ्या मूर्तीचं पोट घोटत बसला होता. हात न थांबवता तो म्हणाला, "नमुना म्हणजे शेवटी साचाच ना? मग मुंबईला कशाला? मी करतो."

मला अगदी भरून आलं. कारखान्यात तेव्हा कामाला ऊत आलेला होता आणि तरी तो शाडूची गोणी आणि प्लास्टर घेऊन माझ्याबरोबर रोह्याला आला. कवचाच्या तोंडावर त्याने तेलाचा हात फिरवला, शाडूचा जाड थापा दाबून बसवला, तळहाताने ठोकून ठोकून कानाकोपऱ्यात घातला. मग तो अलगद उतरवून त्यात प्लास्टर ओतलं. ओतकामवाल्याने निरोप दिला होता की लोखंड निवताना आकसतं, नमुना जरा मोठा ठेवा. हा हसून म्हणाला, "माती वाळताना काय फुगते?" आणि बाहेरून बरोबर हवा तेवढा थर चढवला. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. कारखान्यात आणून त्याने तो नमुना असा घोटला की सासूबाई म्हणाल्या, आता याला सोंड तेवढी लावायची राहिली.

पनवेलला ओतून, लेथवर सपाट करून ती रिंग आली. गोणपाटात गुंडाळून आम्ही ती रोह्याला नेली. बाबांनाही आणून गॅरेजात स्टुलावर बसवलं होतं. मिस्त्रींनी रिंग कवचाला लावली आणि एकेक भोक पाडत गेले. एक बोल्ट बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. खालच्या डाव्या बाजूला मात्र ते थांबले. वाकून बघितलं. पुन्हा बघितलं.

बोल्टसाठी त्या कवचाच्या कडेने कानासारखे बाहेर आलेले उंचवटे होते. खालचे दोन कान एकमेकांसमोर होते, पण डावा उजव्यापेक्षा अंगठाभर खाली होता. तिथे स्टार्टर बसतो म्हणून कंपनीनेच तो तसा केलेला. आमच्या रिंगेवर मात्र दोन्ही कान अगदी एका रेषेत, जुळ्या भावांसारखे. तिथे भोक पाडलं तर निम्मं कानात आणि निम्मं हवेत.

"साचा काढताना हा कान खाली नव्हता?" मिस्त्रींनी विचारलं.

"होता," माझा नवरा म्हणाला. "ओली माती खालच्या अंगाला ओघळतेच. मला वाटलं ओघळला. म्हणून मी उचलून सारखा केला."

मिस्त्री एकदा रिंगेकडे, एकदा कवचाकडे बघत राहिले. मग मिस्त्रींना हसू फुटलं आणि ते तोंडावर फडकं धरून बाहेर गेले. बाबांना मात्र हसू आलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, जीभ अडखळली, पण शब्द बरोबर बाहेर पडले. "गणपतीच करा तुम्ही, गणपती! लोखंडाला कशाला हात लावता?"

जावयाला असं बोलायची आपल्याकडे रीत नाही. नवरा मान खाली घालून उभा होता, नखातली माती काढत. मला दोघांचाही राग आला. एकाचा चुकल्याबद्दल आणि दुसऱ्याचा, चुकलेल्याला असं टाकून बोलल्याबद्दल. मिस्त्री परत आले आणि म्हणाले, कानाला वेल्डिंग करून तुकडा चढवता येईल. बाबा म्हणाले, "आणि भिसे खिंडीत सुटला म्हणजे?" म्हणजे पुन्हा नमुना, पुन्हा भट्टी, पुन्हा पनवेल. मला वाटलं, संपलं हे आता. माझा नवरा दुसऱ्यांदा हात लावणार नाही आणि बाबा लावू देणार नाहीत.

पेणला परतल्यावर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच शाडूची गोणी दारात आणून ठेवली आणि म्हणाला, "चल."

आम्ही पोचलो तेव्हा बाबा आधीच स्टुलावर बसले होते, कवचाच्या अगदी समोर. नवऱ्याने तेल लावलं, माती दाबली, थापा उतरवला. तोच कान. तसाच खाली. त्याचा अंगठा आपोआप त्याच्याकडे गेला. बाबा खाकरले. अंगठा मागे आला. प्लास्टर निघाल्यावर तो पाणी लावून घोटायला बसला आणि बोलता बोलता अंगठा पुन्हा तिकडे वळला. बाबा या वेळी हळू आवाजात बोलले, "जावय, वाकडं हाय तर वाकडंच घ्या. त्याचं काम तसंच चालतं."

नवरा थांबला. हात पाण्यात बुडवून धुतले, पंच्याला पुसले. आणि मग त्याने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, उतरलेल्या तोंडाकडे, सरळ. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "नाही हात लावत, मामा," तो म्हणाला आणि त्यांना बगलेला धरून उठवलं. मला त्या क्षणी त्या दोघांबद्दल इतकं वाटलं की मी चहा सांगायला जाते म्हणून बाहेर पडले.

दुसरी रिंग बसली. मिस्त्रींनी शाफ्टच्या टोकासाठी गनमेटलचं नवं बुश, म्हणजे टोक आत फिरेल अशी कडी, घडवून इंजिनात ठोकलं, पुन्हा पुन्हा मोजलं, रिंग एकदा काढून तिची एक बाजू अजून घासून घेतली. ज्या दिवशी गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी पेट्रोलच्या गुरगुरीऐवजी डिझेलचा खडखडाट गल्लीभर झाला आणि आई दारातून ओरडली, "जीप घेतली काय भाताची गिरण घेतली?" दांडा आपल्या जागीच होता. त्यावरचा काळा गोळा बाबांच्या तळव्याने घासून गुळगुळीत झालेला, तोच.

बाबा नवा शर्ट घालून आले. चालकाच्या जागेवर बसले, मी शेजारी. नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या पुलाकडे जाणारा रस्ता दुपारचा मोकळा होता. त्यांनी क्लच दाबला, डावा हात उजव्या हाताने उचलून दांड्यावर ठेवला. डावीकडे, मागे. पहिला पडला. गाडी हलली. माझे डोळे भरून आले, मी रस्त्याकडे बघितलं. इंजिनाचा आवाज चढला, आता दुसरा. हात उजवीकडे सरकला, पुढे ढकलू लागला, आणि बोटं सुटली.

त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा सुटली. खाटेवरच्या चादरीला थरथर नव्हती. हे इंजिन दांड्याला आतून हलवत होतं आणि त्या हाताला तेवढ्या हलत्या गोळ्यावर मूठ टिकवता येत नव्हती. हाताला सगळं ठाऊक होतं, पण त्याच्यात धरून ठेवायची ताकद नव्हती. चढावर गाडी अडखळली आणि बंद पडली.

इतक्या महिन्यांची खटपट, दोन रिंगा, नवऱ्याने खाल्लेला अपमान, सगळं या गोळ्यासाठी, आणि तो गोळा त्यांच्या मुठीत राहत नव्हता. मी हा विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं, तोच दांडा मिळाला की तेच बाबा मिळतील.

बाबा काही वेळ स्टेअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले. बॉनेटला हात टेकत टेकत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"सरक," ते म्हणाले. "तिकडं बस."

"मला येत नाय बाबा."

"कोण म्हणतंय येतंय? तू क्लच दाब म्हटलं की दाबायचा, सोड म्हटलं की सोडायचा. गिअर माझे."

मी चालकाच्या जागेवर सरकले. ते डाव्या जागेवर बसले आणि त्यांनी उजवा हात, जो धडधाकट होता पण ज्याने आयुष्यात कधी गिअर टाकला नव्हता, दांड्यावर ठेवला. "दाब." मी दाबला. "सोड, हळू. हळू गो!" गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. पुन्हा. तिसऱ्या खेपेला ती निघाली. "दाब." त्यांनी दुसरा टाकला. मी बघितलं नाही, मला पायातून कळलं. "सोड." पुलावरून आम्ही अष्टमीला गेलो आणि परत आलो. एक म्हातारा सायकल थांबवून आमच्याकडे बघत उभा राहिला होता. दारात उतरताना बाबा घामाने भिजले होते आणि म्हणाले, "उद्या सकाळी परत."

मी पेणला लर्निंगचं लायसन काढलं. शेजारी जाणता माणूस बसलेला हवा, असा नियमच असतो. आमचा जाणता माणूस जरा जास्तच हातभार लावायचा एवढंच. श्रावण येईपर्यंत मला 'दाब' आणि 'सोड' सांगावं लागेना. मी क्लचवर पाय ठेवला की त्यांचा हात हलायचा, आणि कधी कधी त्यांचा हात आधी हलायचा आणि माझा पाय मागून जायचा. मी सकाळच्या गाडीने रोह्याला जायचे, तिथून आम्ही जीप काढून पेणला, पेंढ्यात मूर्ती भरून पुन्हा रोह्याला. नव्या इंजिनाचं एक गुपित बाबांनीच शोधून काढलं. डिझेल जड असतं, त्याचा वेग पेट्रोलसारखा चटकन खाली येत नाही. म्हणून दुसऱ्यातून काढल्यावर दांडा मधे जरा जास्त थांबवायचा, मग तिसरा. त्या वर्षीही आमच्या मूर्तींच्या मागे माती घेऊन जावं लागलं नाही.

लोक हसायचे. बापलेक मिळून एक डायवर, असं नाक्यावरचे रिक्षावाले म्हणायचे. बाबांना ते आवडायचं.

पुढच्या वर्षी गंमत झाली. पेणला मूर्ती भरायला वेळ लागायचा. तोवर बाबा आमच्या पडवीत सासूबाईंशी गप्पा मारत बसायचे आणि मी जीप घेऊन जवळच्या जोहे गावाला जायचे, तिथल्या कच्च्या मूर्ती आमच्याकडे रंगवायला आणायच्या असत. बाबांना सांगायचे, शेजारचा टेम्पोवाला चालवतो. चालवत मीच होते. भाताच्या खाचरांमधल्या त्या रस्त्यावर माझा डावा हात हळूहळू दांड्याला सरावला. पण रोह्याच्या रस्त्यावर बाबा शेजारी असले की तो हात मी स्टेअरिंगवरून काढला नाही. त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. ते मी घेतलं असतं तर ते नुसते प्रवासी झाले असते, आणि ते मला सहन झालं नसतं.

मग एकदा ऐन घाईत बाबांना ताप भरला. मी आणि नवरा रोह्याला पोचलो तर ते अंथरुणात. गणपती तर आणायलाच हवे होते. मी म्हटलं, "तुम्ही पडा. हे चालवतील."

"जावय? त्यांना गाडी कधी यायला लागली?"

"शिकले," मी म्हटलं. नवऱ्याने खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा चेहरा केला आणि दाराबाहेर पडला. नशिबाने जीप वळणाच्या पलीकडे, मिस्त्रींच्या शेडजवळ उभी होती.

माझं पक्कं लायसन अजून व्हायचं होतं, कायद्याने ते चुकीचंच होतं, पण त्या दिवशी मी पेणला गेले आणि मूर्ती घेऊन परत आले, गिअर सगळे माझे. नवरा मागे पेंढ्यात मूर्ती धरून बसला होता. संध्याकाळी चौकातून आमच्या गल्लीत वळले, दुसरा, मग तिसरा, आणि मिस्त्रींच्या शेडशी थांबले. ठरल्याप्रमाणे नवरा पुढे आत गेला, कपाळाचा घाम पुसत, आणि मी मागून. "आलो मामा."

बाबांची खाट खिडकीला लागून होती. ते उशीला टेकून बसले होते.

"मूर्ती?"

"एकीलाही धक्का नाही."

"बरं झालं." मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "जावय, बाकी सगळं ठीक हाय. पण दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना तुम्ही घाई करता. आत्ता चौकातून वर येताना केलीत. मधे थांबायला पायजे."

"व्हय मामा," माझा नवरा म्हणाला. बाबा बोलत त्याच्याशी होते आणि बघत माझ्याकडे होते. मी आईला मदत करायला म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले.

ताप उतरल्यावर पुढची खेप आली. बाबा नेहमीसारखे येऊन डाव्या जागेवर बसले, उजवा हात दांड्यावर. जाताना गिअर सगळे त्यांनीच टाकले. पेणहून मूर्ती भरून निघालो. गाव सुटलं, मी क्लच दाबला, त्यांनी दांडा दुसऱ्यातून काढला आणि मधेच धरून ठेवला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. इंजिन खाली येईपर्यंत, मला नीट कळेल इतका वेळ. मग तिसऱ्यात सोडला. आणि हात काढून मांडीवर, डाव्या हातावर ठेवला.

वडखळ नाक्याला वळणावर गर्दी होती. दुसऱ्यात आणायची वेळ आली तेव्हा त्यांनी आणली. नाका ओलांडला, रस्ता मोकळा झाला, इंजिनाचा आवाज चढला. मी क्लच दाबला आणि हाताची वाट बघत राहिले. हात मांडीवरच होता. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

"टाक," ते म्हणाले. "पण मधे थांब."

मी थांबले.